दंडावरचं अक्षर आणि घरातलं पुस्तक

(महिला मंडळं आणि वस्तीतली छोटी वाचनालयं चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखरूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला 'घरातलं वाचन' हा विषय दिला. त्याला मी गोंदणाची जोड दिली आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्यातल्या काहीजणींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या वाट्याला आयुष्यातलं पहिलं अक्षर आलं ते पाटीवर किंवा कागदावर आलंच नाही. ते कातडीवर आलं, दंडावर किंवा मनगटावर आलं, आणि ते त्यांना वाचता येत नव्हतं. आज त्यांच्याच नाती, पणती आवडत्या पुस्तकातली ओळ किंवा पुस्तकातलं एखादं चित्र अंगावर गोंदवून घेतात. त्याला त्या टॅटू म्हणतात. म्हातारी म्हणते, 'आमचं गोंदण गावंढळ म्हणून हसत होतात ना?' नात म्हणते, 'आजी, हे वेगळं आहे.' आई दोघींच्या मध्ये उभी राहून म्हणते, 'आता लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील?'

या तिघींचं बोलणं आपण नीट ऐकलं तर बाई, तिचं शरीर आणि अक्षर यांचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास त्यात सापडतो. म्हणून हा विषय.

न वाचता येणारं नाव

आपल्या खेड्यांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत गोंदण ही अगदी घरची गोष्ट होती. जत्रेत, बाजारात किंवा दारावर गोंदणारीण यायची. ती बहुधा भटक्या जमातीतली असायची. काजळी, सुया आणि तोंडात गाणं, एवढाच तिचा संसार. मुलीच्या कपाळावर टिंब, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, विंचू, मोर. मुलगी रडायची, आया तिला धरून ठेवायच्या. मेल्यावर दागिने काढून घेतात, लुगडं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, अशी समजूत. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, घर नाही, तिच्या दृष्टीने ही समजूत साधी नव्हती. कोणी काढून घेणार नाही असं एक तरी धन आपल्यापाशी आहे, हे त्यात होतं. म्हणून गोंदण म्हणजे नुसती अंधश्रद्धा, असं म्हणून आपण हात झटकू नयेत. शांता शेळके यांनी आपल्या एका कवितासंग्रहाला 'गोंदण' हेच नाव दिलं, ते उगाच नाही.

पण त्याच गोंदणात एक नाव असायचं. कधी भावाचं, बहुतेक वेळा नवऱ्याचं. आता गंमत बघा. ही बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नव्हती. घ्यायचंच झालं तर उखाण्यात गुंफून घ्यायची. जे नाव जिभेवर आणायची बंदी, ते दंडावर कायमचं कोरलेलं. आणि कोरलेलं असलं तरी ते तिला वाचता येत नाही. गोंदणारणीने मात्रा चुकवली तरी तिला कळणार नाही. शेतातल्या बैलाला डाग देतात, भांड्यावर नाव घालतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की भांड्यावर नाव घालताना भांडं रडत नाही.

परित्यक्तांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात १९८० च्या दशकात मोठं काम उभं राहिलं. संगमनेर परिसर हे त्याचं एक ठळक केंद्र. पोटगी, रेशनकार्ड, राहतं घर हे त्यातले मुख्य मुद्दे होते आणि आजही आहेत. समुपदेशनाचं काम करताना मला या यादीत नसलेली एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. नवऱ्याने टाकलेली बाई बोलताना पदराने किंवा बाहीने दंड झाकत असते. आपण विचारत नाही, ती सांगत नाही. एका बाईने मात्र आपण होऊन विचारलं, 'ताई, कागदावरचं नाव वकील काढतो, हातावरचं कोण काढणार?' त्या माणसाने दुसरं घर मांडून बारा वर्षं झाली होती. हिच्या हातावर मात्र तो रोज भाकरी थापत होता. लेसरचा खर्च तिला झेपणारा नव्हता. शेवटी बाजाराच्या गावी टॅटू काढणाऱ्या मुलाकडून तिने त्या नावावर वेल काढून घेतली. पानं जरा दाट काढ, एवढंच तिने त्याला सांगितलं. काडीमोडाची अशी नोंद कुठल्याही कोर्टात होत नाही, पण ती झाली.

जबरदस्तीची सुई

आता दुसरा प्रकार. रूढीने आलेल्या गोंदणात थोडी हौस, थोडी सक्ती असं मिश्रण असतं. पण सुई उघडउघड शिक्षा म्हणून, दहशत म्हणून वापरली गेली आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवण्याची शिक्षा होती. १८४९ मध्ये ती रद्द झाली. सरकारने माणसाच्या कपाळाचा दफ्तरातल्या कागदासारखा उपयोग केला. नाझी छळछावणीत, ऑश्वित्झमध्ये, माणसांच्या हातावर आकडे गोंदवले गेले. नाव पुसायचं आणि आकडा ठेवायचा. १९४७ च्या फाळणीत दोन्ही बाजूंच्या जमावांनी बायकांच्या अंगावर घोषणा गोंदवल्या. ऋतू मेनन आणि कमला भसीन, तसंच उर्वशी बुटालिया यांनी त्या काळातून गेलेल्या माणसांशी बोलून १९९८ मध्ये पुस्तकं लिहिली, तेव्हा पन्नास वर्षं दडपलेलं हे बोलणं बाहेर आलं. शत्रूला निरोप पाठवायचा होता आणि त्यासाठी कागद म्हणून बाईचं शरीर वापरलं गेलं.

हे सगळं जुनं झालं, असं कुणाला वाटत असेल तर १९९३ सालची गोष्ट सांगते. अमृतसरमध्ये पोलिसांनी चोरीच्या संशयावरून पकडलेल्या चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' म्हणजे 'पाकीटमार' हा शब्द गोंदवला. खटला चालायच्या आधीच निकाल कपाळावर लिहून टाकला. या प्रकरणात पोलिसांना शिक्षा झाली ती २०१६ मध्ये. तेवीस वर्षं लागली. कपाळावर शब्द लिहायला किती मिनिटं लागली असतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

या घटनांमधून मी आमच्या गटांत तीन प्रश्न विचारायला लागले. सुई कोणाच्या हातात आहे? शब्द कोणी निवडला? आणि जिच्या अंगावर तो आहे, तिला तो वाचता येतो का? गोंदण चांगलं की वाईट, हा प्रश्न त्यानंतर.

या तीन प्रश्नांना वेगळंच उत्तर देणारी माणसंही आहेत. छत्तीसगडमधला रामनामी समाज तुम्ही ऐकला असेल. अस्पृश्य ठरवलेल्या या लोकांना देवळात प्रवेश नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्यांच्यातल्या परशुराम नावाच्या माणसापासून एक परंपरा सुरू झाली. या समाजातले बायका-पुरुष रामाचं नाव सर्वांगावर गोंदवू लागले, अगदी चेहऱ्यावर, पापण्यांवरसुद्धा. देऊळ बंद, पोथी बंद, तर शरीरच पोथी केली. त्यांच्या श्रद्धेशी आपण सहमत असू किंवा नसू. ज्यांना अक्षरापासून हाकललं त्यांनी अक्षर असं अंगावर घेतलं, की ते आता कुणी हिसकावू शकणार नाही. आज त्यांची तरुण पिढी सर्वांग गोंदवत नाही. नोकरीसाठी शहरात जायचं, तर लोक बघत राहतात. तेही समजण्यासारखं आहे.

आपल्याकडे आज आंबेडकरी वस्त्यांत कितीतरी मुलं-मुली हातावर बाबासाहेबांची सही किंवा 'जय भीम' गोंदवून घेतात. त्याला कुणी फॅशन म्हणो. माझ्या मते ती रामनामींच्या जातकुळीची गोष्ट आहे. पुढची आहे, कारण सही करता येणं हा साक्षरतेचा पहिला पुरावा असतो, आणि ही सही ज्या माणसाची आहे त्याने दादरला घर बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून.

पुस्तकातली ओळ

आता नातीकडे येऊ. कॉलेजात शिकणारी किंवा नुकती नोकरीला लागलेली मुलगी आवडत्या पुस्तकातलं काही अंगावर काढून घेते. कुणी कवितेतला शब्द, कुणी लहानपणी वाचलेल्या गोष्टीतला कोल्हा, कुणी उघडं पुस्तक आणि त्यातून उडणारे पक्षी. जगभर हे चाललं आहे. २०१० मध्ये अमेरिकेत एक अख्खं पुस्तक निघालं, निरनिराळ्या वाचकांच्या अंगावरच्या साहित्यिक टॅटूंचं. त्याच्याही आधी, २००३ मध्ये, शेली जॅक्सन या लेखिकेने एक कथा कागदावर न छापता माणसांच्या कातडीवर छापायला घेतली. कथेचे शब्द २०९५. एका माणसाने एक शब्द गोंदवून घ्यायचा. असा शब्द घेतलेल्यांना ती 'शब्द' असंच म्हणते. कथा सलग वाचायला मिळते ती फक्त या मंडळींनाच. एकेक माणूस गेला की एकेक शब्द गेला. पोथी जपून ठेवायची, पिढ्यान्‌पिढ्या टिकवायची, या कल्पनेची तिने गंमतच केली.

पण मला आज बोलायचं आहे ते दुसऱ्या एका पुस्तकाबद्दल. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवूड यांची १९८५ ची कादंबरी, 'द हँडमेड्स टेल'. तिची हकिगत थोडक्यात सांगते. धर्माच्या नावाने सत्ता हातात घेतलेल्यांचं एक राज्य आहे. तिथे काही बायकांना केवळ मुलं जन्माला घालण्यासाठी बड्या अधिकाऱ्यांच्या घरी ठेवलं जातं. त्यांची स्वतःची नावं काढून घेतली जातात आणि मालकाच्या नावावरून नवी दिली जातात. त्यांच्या घोट्यावर सरकार चार आकडे आणि एक डोळा गोंदवतं. आणि त्यांना वाचायला बंदी आहे. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंसुद्धा काढून नुसती चित्रं ठेवली आहेत. या कादंबरीतल्या नायिकेला तिच्या खोलीतल्या कपाटात, खाली कोपऱ्यात, आधीच्या बाईने कोरून ठेवलेलं एक वाक्य सापडतं. त्याचा अर्थ तिला कळत नाही. चेष्टेतल्या लॅटिनमधलं वाक्य आहे ते. पण आपल्याआधी इथे कुणीतरी होती आणि तिने आपल्यासाठी लिहून ठेवलं, एवढ्यावर ती तग धरते.

आज अमेरिका-युरोपात असंख्य बायकांनी तेच वाक्य हातावर, खांद्यावर गोंदवून घेतलं आहे. म्हणजे बघा, कादंबरीतलं सरकार बाईच्या घोट्यावर आकडा घालतं, आणि त्या कादंबरीची वाचक स्वतःच्या खांद्यावर बंडाचं वाक्य घालते. सुई तीच. निवड कोणाची, एवढाच फरक, आणि तोच सगळा फरक.

या कादंबरीतलं राज्य परक्या देशातलं, काल्पनिक. पण वाचायला बंदी, नाव बदलणं, अंगावर खूण, यातलं आपल्याला परकं काय आहे? मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. वेदांवर ब्राह्मण म्हणवणाऱ्यांचाच हक्क असेल, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही हे उघड आहे, असा तिचा मुद्दा. चौदा वर्षांच्या आसपासची ती पोर. पुस्तक नसणं ही नुसती गैरसोय नसते, आपल्याला माणसांतून वगळल्याची ती खूण असते, हे तिला नेमकं कळलं होतं.

पुस्तकांचं घर कोणाचं?

आता घरात शिरू. 'आमच्या घरी सगळ्यांना वाचनाची आवड' असं अभिमानाने सांगणारी घरं आपण पाहतो. मी अशा घरात गेले की कपाट कुठे आहे ते बघते. बाहेरच्या खोलीत, खुर्चीजवळ. पुस्तकांवरची धूळ कोण पुसतं, हे विचारायची गरज पडत नाही. पुस्तकावर चर्चा करायला मित्र येतात, तेव्हा चहा कोण करतं, हेही विचारावं लागत नाही. घरातल्या पुरुषाची ओळख 'दांडगं वाचन' अशी असते. त्याच घरातली बाई वाचते तेव्हा 'पुस्तकात डोकं खुपसून बसली' असं म्हणतात.

आपल्या आत्मचरित्रांमध्ये याचे कितीतरी दाखले आहेत. रमाबाई रानड्यांना नवऱ्याने शिकवलं, पण घरातल्या इतर बायकांचा त्याला विरोध होता आणि त्याचा त्रास त्यांना सोसावा लागला. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या याचा आपण गौरव करतो, पण अभ्यासासाठी नवऱ्याचा मारही त्यांनी खाल्ला, हे विसरू नये. नवऱ्याच्या इच्छेने आलेलं अक्षर हेही कधीकधी गोंदणासारखंच असतं. दुसऱ्याने हात धरून ठेवलेला असतो.

बंगालच्या राससुंदरी देवींचं आत्मचरित्र १८७६ मधलं. बाईने वाचणं हे पाप मानणारा तो काळ. त्यांनी पोथीचं एक पान काढून स्वयंपाकघरात लपवलं, मुलाने अक्षरं गिरवलेलं ताडपत्र घेतलं, आणि चुलीपाशी बसून एकाशी दुसरं ताडून बघत त्या वाचायला शिकल्या. आपल्या बेबीताई कांबळे फलटणला छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या, आणि दुकानात बसून लिहायच्या. जवळजवळ वीस वर्षं ते लिहिणं त्यांनी घरापासून लपवून ठेवलं. त्यातून 'जिणं आमुचं' झालं. या दोघींच्या मध्ये शंभर वर्षं आहेत, जात वेगळी, प्रांत वेगळा. लपवणं मात्र तेच.

उलट उदाहरणंही आहेत. पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा विरोध पत्करला, आणि त्या आईने पुढे मुलीला शिकवलं. आई वाचणारी असली की काय होतं त्याचं हे उदाहरण. रमाबाईंनी पुढे केडगावला छापखाना चालवला. तिथे आश्रमातल्या बायका शिशाचे खिळे जुळवून पानं तयार करायच्या. टाकलेल्या, विधवा, दुष्काळातून आलेल्या बायका अक्षर हातात धरत होत्या, जुळवत होत्या, उलटं वाचायला शिकत होत्या. बाईच्या हातावरच्या अक्षरापासून बाईच्या हातातल्या अक्षरापर्यंतचा प्रवास मला त्या छापखान्यात दिसतो.

आणि ज्यांना अक्षर मिळालंच नाही, त्यांच्याकडे साहित्य नव्हतं असं समजू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्या रचणाऱ्या बायका पहाटे जात्यावर बसूनच त्या रचत होत्या. त्यांच्या घरात पुस्तक नव्हतं, पण घर पुस्तकी म्हणावं इतकी रचना त्यात चालू होती. आपण वाचनालय काढतो तेव्हा या बायकांना 'निरक्षर लाभार्थी' म्हणून रजिस्टरात लिहितो. तो शब्द जरा जपून वापरूया.

आता आकड्यांकडे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के आणि बायकांची ७५.८७ टक्के. म्हणजे दर चार बायकांत जवळजवळ एक निरक्षर. पण जी साक्षर आहे, ती तरी वाचते का? वाचायला वेळ लागतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आहेत. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ. आपल्या प्रगतीचं माप हे.

सातारा जिल्ह्यातलं भिलार हे गाव २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' झालं. लोकांनी आपल्या घरांच्या ओसऱ्या, खोल्या पुस्तकांसाठी उघडल्या. पुस्तक गावातल्या घरात येऊन बसलं, ही फार चांगली गोष्ट झाली. असे उपक्रम वाढायला हवेत. पण कुठल्याही गावात, कुठल्याही घरात पुस्तक आलं की आपण आपला जुना प्रश्न विचारायचा. या घरातली बाई त्या कपाटाजवळ बसते कधी? दिवसाच्या कुठल्या वेळी? आणि ती बसली की तिला हाक मारून उठवतं कोण?

मुलींशी बोलताना

शिबिरात हमखास विचारतात, मुली टॅटूबद्दल सल्ला मागतात, तेव्हा काय सांगायचं. दोन-तीन गोष्टी सांगते.

पहिली, आरोग्याची. सुई नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी. शाईसुद्धा दुसऱ्यासाठी वापरलेल्या वाटीतली नको. जत्रेत एकाच सुईने दहाजणींना गोंदतात, त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीची लागण होऊ शकते. हे जुन्या गोंदणालाही लागू आहे. आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्यांनी परंपरेचा मान ठेवूनही सुईबद्दल बोललंच पाहिजे. टॅटू काढल्यावर काही महिने रक्तदान करता येत नाही. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी टॅटूबाबतचे नियम आधी बघून घ्यावेत.

दुसरी, दबावाची. मुलगी मित्राचं नाव गोंदवून घेते, किंवा 'प्रेम खरं असेल तर गोंदव' असं तिला सांगितलं जातं, तेव्हा कान टवकारा. ही आजीच्या दंडावरच्या नावाची नवी आवृत्ती आहे. आजीला विचारलंच नव्हतं. नातीला विचारतात, पण नाही म्हणायची मुभा ठेवत नाहीत. अशा मुलीला रागवू नका, प्रवचनही देऊ नका. ते तीन प्रश्न विचारा आणि तिला उत्तर शोधू द्या. काढून टाकायला गोंदवण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे आणि वेदना लागतात, हेही सांगा.

तिसरी, आपल्या स्वतःच्या नजरेची. चळवळीतल्या आपण काहीजणी अशा मुलींना उथळ समजतो. खादीची साडी नेसली की ती विचारांची, आणि हातावर पुस्तकातली ओळ असली की ती बाजाराची, असं आपण ठरवून टाकतो. बाजार आहेच. पुस्तक न वाचता नुसतं फोनवर चित्र पाहून ओळ काढून घेणाऱ्याही आहेत. पण ती ओळ हे संवाद सुरू करायचं एक निमित्त आहे. 'हे कुठल्या पुस्तकातलं?' असं विचारा. पुस्तक वाचलं असेल तर ती तासभर बोलेल. वाचलं नसेल तर पुढच्या वेळी ते पुस्तक तिच्या हातात ठेवा. मुलीला वाचनालयात आणायचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

आपण काय करू शकतो

शेवटी कामाच्या गोष्टी.

वस्तीतल्या प्रत्येक गटाने एक बैठक गोंदणावर घ्यावी. म्हाताऱ्या बायकांना बोलतं करावं. कुणाच्या हातावर काय आहे, कधी काढलं, कोणी ठरवलं, दुखलं का, त्या वेळी गोंदणारीण काय गात होती, हे लिहून घ्यावं. त्यांच्या संमतीने चित्रं उतरवून घ्यावीत. या बायका गेल्या की हे सगळं त्यांच्याबरोबर जाणार आहे. हा दस्तऐवज कुठल्याही सरकारी दफ्तरात नाही. लिहून झालं की ते त्यांना वाचून दाखवायला विसरू नका. स्वतःच्या अंगावरचं नाव पहिल्यांदा स्वतः वाचायचं असेल, तर ज्या आजीला हवं तिला तेवढी चार अक्षरं शिकवा. साक्षरता वर्गाची सुरुवात बाराखडीनेच व्हायला हवी असा काही नियम नाही.

वाचनालयाची वेळ बदला. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ बायकांसाठी नसते, तेव्हा चूल पेटलेली असते. दुपारी दोन ते चार उघडं ठेवता येतं का पाहा. मुलांना खेळायला एक कोपरा आणि एक कार्यकर्ती ठेवा. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. गावात अनुदान घेणारं ग्रंथालय असेल, तर त्याच्या सभासदांत बायका किती आणि कार्यकारिणीत किती, हे जाऊन विचारा. उत्तर लेखी मागा.

घरात बाईच्या वाचनाची वेळ ठरवून घ्या. पाऊण तास पुरे. त्या वेळात चहा दुसरं कोणीतरी करेल. ही मागणी लहान वाटते, पण घरी मांडून बघा, म्हणजे ती केवढी मोठी आहे ते कळेल. आमच्या एका गटात बायकांनी ठरवलं, की नवऱ्यांना आणि मुलांना श्रोते म्हणून बसवायचं आणि आठवड्यातून एकदा पुस्तकातली दहा पानं मोठ्याने वाचायची. पहिल्या आठवड्यात दोन घरांत जमलं. एका घरात नवरा झोपला. एका घरात सासूबाई म्हणाल्या, पुढचं उद्या वाच. महिनाभराने सात घरं झाली. त्यातल्या तिघी अडखळत वाचतात. घरच्यांसमोर अडखळत वाचायला धीर लागतो, तो त्यांनी गोळा केला.

शरीरावर काय लिहायचं आणि घरात काय वाचायचं, हे दोन्ही निर्णय बाईने स्वतः घ्यायचे आहेत. त्यासाठी तिला सुईची माहिती हवी, पुस्तक हवं, वेळ हवा आणि नाही म्हणायची मुभा हवी. यातलं काहीच फुकट मिळणार नाही. आपल्या आधीच्या बायकांनी चुलीमागे, दुकानाच्या गल्ल्याखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी जे लपवून ठेवलं, ते उघड्यावर आणून वाचणं, एवढं काम तरी आपल्या पिढीने करायला हवं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक पुस्तक आणि एक म्हातारी बाई बरोबर आणावी, अशी माझी विनंती आहे.